दिवसा धूर, रात्री जाळ

दिवाळीच्या आधीचा आठवडा आमच्या घरात भांड्यांचा असतो. आता भांडी म्हणजे स्टीलच. ती नुसती धुतली की झाले. पण माझ्या आईचे एक पितळी पातेले अजून फडताळात आहे. चांगले पाच शेर दूध मावेल एवढे. गेली काही वर्षे त्यात फक्त गोवऱ्या नाहीत एवढेच. बाकी लाह्या, जुन्या पिशव्या, कंदिलाच्या काचा, सारे त्यात नांदून गेले. कढी मात्र त्यात होत नाही. कारण आतली कल्हई केव्हाच उडाली, आणि बिनकल्हईच्या पितळेत आंबट घातले की ते कळकते, हे आमच्या पिढीला तरी सांगावे लागत नाही.

माझे लहानपण धुळ्याचे. पांझरेच्या अलीकडे आमची गल्ली. दिवाळी पंधरा दिवसांवर आली की कल्हईवाले चाचा यायचे. लिंबाच्या झाडाखाली एक वीतभर खड्डा खणायचे, त्यात कोळसे घालायचे, कातड्याच्या भात्याची नळी मातीत पुरायची, आणि मग भाता वरखाली करायचे काम आम्हां पोरांना मिळायचे. तापलेले पातेले चिमट्यात धरून चाचा त्यात चिमूटभर पांढरी पूड टाकीत. भस्सकन पांढरा दाट धूर निघे, डोळे चुरचुरत, नाकात झिणझिण्या येत. त्या धुरातच हात घालून ते कापसाच्या बोळ्याने भांडे आतून घाशीत, कथलाची कांडी जराशी टेकवीत, पुन्हा बोळा फिरवीत; आणि काळेबेरे पातेले आतून चांदीसारखे होऊन येई. मग पाण्यात. चर्र!

ती पांढरी पूड म्हणजे नवसागर. हल्ली नवसागर म्हटले की लोकांना हातभट्टीच आठवते, आणि दुकानदारही गिऱ्हाइकाकडे जरा निरखून पाहतो. पण आमच्या लहानपणी नवसागर म्हणजे दिवाळीचा वास होता. उटण्याच्या आधी यायचा तो.

या नवसागरावरून मी एकदा एका मुलाची फार थट्टा केली. आज जे सांगायचे आहे ते तेच आहे. बाकीचे त्याच्या अनुषंगाने येईल.

मी जळगाव जिल्ह्यात एका शाळेत चित्रकलेचा शिक्षक आहे. मॅट्रिकनंतर कलाशिक्षकाची पदविका घेतली, त्यापुढे कॉलेजची पायरी चढलो नाही. कादंबऱ्या लिहितो, त्या काही वाचनालयांत आहेत. असो. २००४ सालची गोष्ट. विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते आणि आठवीचा बदली तास माझ्याकडे आला. चित्रकलेच्या शिक्षकाला विज्ञानाचा तास मिळाला म्हणजे तो जास्तच शास्त्रज्ञ होतो. मी क्रमिक पुस्तक उघडले, क्षारांचा धडा काढला आणि म्हणालो, "नवसागर, म्हणजे अमोनिअम क्लोराइड. हा कारखान्यात तयार करतात."

शेवटून दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. कल्हईवाल्याचा नातू. एरवी तोंड न उघडणारा. म्हणाला, "सर, आमचे दादाजी सांगतात, नवसागर जळत्या डोंगरातून निघतो. दिवसा डोंगरातून धूर दिसतो अन् रात्री जाळ."

वर्ग हसला. मी त्यांना गप्प करायला हवे होते. पण बदली तासाला वर्ग आपल्या बाजूने हसतो आहे हे सुख शिक्षकाला सोडवत नाही. मी खडू घेतला आणि फळ्यावर एक डोंगर काढला. डोंगराला धूर काढला, वर शेंड्यावर दाढीवाला एक माणूस भाता मारीत बसलेला काढला. हात माझा बरा आहे. चित्र झकास उतरले. "तुझ्या दादाजींना म्हणावे, आम्हालाही एक डोंगर आणून द्या," असेही वर म्हणालो. मुलगा काही तरी पुढे सांगू पाहत होता. घंटा झाली.

त्या दिवसापासून मुले त्याला 'जळका डोंगर' म्हणू लागली. पुढच्या वर्षी, नववीतूनच, त्याने शाळा सोडली. त्याचे कारण ते चित्र होते असे मी म्हणत नाही. घरची ओढगस्त होती, बापाचे आजारपण होते. पण त्याच्या नावापुढे लाल रेघ ओढली गेली तेव्हा मला फळ्यावरचा डोंगर आठवला, एवढे खरे.

मध्ये सतरा वर्षे गेली. २०२१ च्या पावसाळ्यात मी एका कादंबरीची जुळवाजुळव करीत होतो. तांबट आळीतल्या एका घराची कथा. त्यासाठी कल्हईची माहिती हवी होती. कल्हईवरून नवसागरावर आलो, आणि नवसागर हा शब्दच आधी मला चकवून गेला. मी आपला समजत होतो, 'नव' आणि 'सागर', समुद्राच्या मिठासारखे काही असेल. सागराचा संबंध नाही. शब्द फारसीतला, 'नौशादर'. आपल्या रसशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत त्याला नवसार म्हणतात आणि चूलिकालवण असेही एक गोड नाव आहे. चुलीचे मीठ! विटांच्या भट्टीत ते जमते असे त्या ग्रंथकारांना ठाऊक होते. कर्नालकडचे कुंभार गेल्या शतकाच्या आधीपर्यंत शेण-मातीच्या भट्ट्या लावून नौसादर काढीत. मिसर देशात उंटाच्या शेणाच्या काजळीतून काढीत. इथवर सगळे ठीक होते. भट्टी काय आणि कारखाना काय, माणसाच्या हातचाच मामला.

मग दहाव्या शतकातल्या अरबी भूगोलकारांपाशी येऊन पोहोचलो. अल् इस्तखरी आणि इब्न हौकल ही त्यांतली दोन नावे. समरकंदच्या वरच्या अंगाला बुत्तम नावाचे पहाड आहेत, तिथे नौशादर होतो, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. तिथल्या एका गुहेतून वाफ निघते. दिवसा ती धुरासारखी दिसते आणि रात्री आगीसारखी.

मी पुस्तक मिटून ठेवले. बाहेर पाऊस पडत होता. पत्नीने विचारले, "काय झालं?" म्हटले, काही नाही.

आणखी शोधले तर आणखी सापडले. ९८१ साली वांग येन-ते नावाचा एक चिनी वकील तुर्फानच्या राजाकडे गेला होता. त्यानेही लिहिले आहे की उत्तरेकडच्या पहाडात नवसागर होतो. डोंगरातून धूर निघतो, संध्याकाळी ज्वाळा मशालींसारख्या दिसतात, आणि तो खणणारे लोक लाकडी तळाचे जोडे घालतात, कारण कातड्याचे तळ जळून जातात. एका टोकाला अरब, दुसऱ्या टोकाला चिनी. एकमेकांचे तोंड न पाहिलेले. तिसरे आमचे कल्हईवाले दादाजी, जळगाव जिल्ह्यातले. तिघे एकच सांगतात, आणि मी फळ्यावर दाढी काढतो.

दादाजींपर्यंत ही हकिकत आली कशी, याचा मी पुष्कळ विचार केला. ते हुनर शिकले बऱ्हाणपूरच्या उस्तादाकडे, हे मला ऐकून ठाऊक होते. बऱ्हाणपूर म्हणजे मोगली खानदेश सुभ्याची राजधानी, सुरतेहून आग्र्याला जाणाऱ्या तांड्यांचा मुक्काम. ज्या वाटेने जिन्नस येतो त्या वाटेने त्याची कहाणीही येत असावी. जिन्नस यायचा थांबला, कारखान्याची पुडी आली, कहाणी मात्र हातातून हातात चालत राहिली. माझा तर्क आहे हा. पुरावा काही नाही.

तो डोंगर आहे तरी काय? ज्वालामुखी नव्हे. जुन्या प्रवाशांपैकी पुष्कळांना तसेच वाटले होते. ताजिकिस्तानात यग्नोब नदीच्या खोऱ्यात रवात नावाचे खेडे आहे. तिथल्या पहाडात कोळशाचे थर आहेत आणि ते आतल्या आत जळत आहेत. आग लावली कोणी? कोणीच नाही. कोळशाचा थर उघड्यावर आला की त्याला हवा लागते. हवेतला प्राणवायू कोळशाशी आणि कोळशातल्या गंधकयुक्त माक्षिकाशी हळूहळू संयोग पावतो, त्यातून ऊब निर्माण होते. ओल्या कडब्याची गंजी आतून तापते हे आपला शेतकरी जाणतोच, तोच प्रकार. ऊब बाहेर पडायला वाट मिळाली नाही की वाढत जाते, आणि एक दिवस थर पेटतो. मग तो मुंगीच्या पावलांनी जळत राहतो. ऑस्ट्रेलियात विंगेन नावाचा असा एक डोंगर आहे. त्याच्या पोटातली आग सुमारे सहा हजार वर्षे जुनी समजतात. ती वर्षाला एखादा मीटर पुढे सरकते.

कोळसा जळाला की त्यातले नाना पदार्थ वायू होऊन भेगांतून वर येतात. भेगेच्या तोंडाशी गार हवा भेटते, आणि तो वायू मध्ये पाणी न होता एकदम स्फटिक होऊन दगडाला चिकटतो. याला शास्त्रात संप्लवन म्हणतात. शब्द अवघड, पण आरतीच्या तबकात कापूर ठेवणाऱ्या कोणालाही ते माहीत आहे. डबीतला कापूर आपोआप उडून जातो आणि झाकणाला आतून बारीक खडे धरतात, तसेच हे. भेगांच्या काठावर पिवळे गंधक जमते, पांढरा नवसागर जमतो. पाऊस आला की नवसागर विरघळून जातो. पुन्हा कोरडे पडले की पुन्हा जमतो.

आणि मग मला उमजले की आमच्या लिंबाखाली होत होते तेही हेच. तापलेल्या पातेल्यात नवसागर पडला की सुमारे ३४० अंश उष्णतेला तो दुभंगतो. अमोनिया वेगळा, हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू वेगळा. हे आम्ल पितळेवरचा काळा थर खाऊन टाकते, म्हणून तर कथील धरते. वर गार हवेत ते दोन्ही वायू पुन्हा भेटतात आणि पुन्हा नवसागर होतात. तो पांढरा धूर म्हणजे नवसागराचेच बारीक बारीक कण. चाचा गल्लीत खड्डा खणून लहानसा रवातचा डोंगरच पेटवीत होते.

या आगींत नवसागर आणि गंधकच होतात असे नाही. आजवर कोणी न पाहिलेले पदार्थही होतात. १९२२ साली उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गन बेटावर जळत्या कोळशाच्या थरापाशी पिवळ्या सुयांसारखे एक खनिज सापडले. एका नॉर्वेजियन भूशास्त्रज्ञाच्या, अडॉल्फ होएल यांच्या, नावावरून ते होएलाइट झाले. रवातला १९९३ साली नाझ्डाला आणि पेकोव्ह या दोघांनी एका खनिजाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला त्या खेड्याचेच नाव दिले, रवाताइट. गंमत अशी की हा पदार्थ रसायनशास्त्राला नवा नव्हता. डांबरातून तो एकोणिसाव्या शतकातच वेगळा काढला होता. पण निसर्गाने आपल्या हाताने केलेला, दगडाला चिकटलेला असा तो कोणी पाहिला नव्हता. म्हणजे प्रयोगशाळेत आधी आणि डोंगरात मागाहून. किंवा खरे म्हणजे डोंगरात कितीतरी आधी, पण पाहायला गेले मागाहून.

खनिज म्हणून दरबारात बसायचे तर निसर्गाचा जन्मदाखला लागतो. उरल पर्वताजवळ कोपेइस्क येथे कोळशाच्या खाणीतून उपसलेल्या टाकाऊ मालाचे ढीग आपोआप पेटलेले होते. रशियन शास्त्रज्ञ चेस्नोकोव्ह यांनी त्या राखेतून कितीतरी नवे पदार्थ शोधून काढले. काहींना मान्यता मिळाली. मग वाद निघाला, की ढीग माणसाने रचलेला, तर हे निसर्गाचे कसे? १९९८ सालच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत ठरले की जळण्यातून निघालेले पदार्थ यापुढे सर्वसाधारणपणे खनिज मानायचे नाहीत. कोणत्या आगीत माणसाचा हात होता हे ठरवणे कठीण. पण त्याच चेस्नोकोव्हांच्या ढिगातले डमिस्टाइनबर्गाइट नावाचे एक खनिज, १९९० सालचे, पुढे मेक्सिकोत १९६९ साली पडलेल्या अशनीत सापडले! आकाशातल्या दगडाला कोणी विचारावे, बाबा रे, तुला कोणी रचले?

रवातच्या आगीला मात्र हा अडसर नव्हता. कोळशाच्या त्याच क्षेत्रात, कुही-मलिक या जागी, पोटॅशियम, व्हॅनेडियम आणि गंधक यांचे एक खनिज मिळाले. आग निसर्गाची होती. खनिज मंजूर झाले आणि २०२० साली प्रसिद्ध झाले. त्या मुलखाच्या जुन्या नावावरून त्याला फाल्गाराइट म्हणतात.

आपल्याकडेही जमिनीखालच्या आगी आहेत, पण त्या कौतुकाच्या नाहीत. झरियाच्या खाणपट्ट्यात १९१६ साली पहिली आग दिसली, ती आजही विझलेली नाही. भेगांवर संसार आहेत तिथे. ते वाचल्यावर नव्या स्फटिकांचे कौतुक घशात अडकते, म्हणून इथेच थांबतो.

खानदेशात कोळशाच्या खाणी नाहीत. आमची आग वेगळी, आणि विझून साडेसहा कोटी वर्षे झाली. ती पाहायची तर जळगावहून एरंडोल, पारोळा करीत धुळ्याला जाणारी एस. टी. धरावी. धुळ्याच्या आसमंतात काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती रानातून पूर्व-पश्चिम गेलेल्या दिसतात. कोण्या राजाचा पडका कोट असावा असे मला लहानपणी वाटे. त्या भेगा आहेत; लाव्हा जमिनीखालून वर चढताना त्यांतच थिजला आणि भोवतालचा खडक झिजून भिंत उघडी पडली. धुळे-नंदुरबारच्या मुलखात अशा दोनशेहून अधिक भिंती मोजल्या आहेत. एक तर जवळजवळ ऐंशी किलोमीटर लांब आहे. लाव्हाच्या थरांत राहिलेल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे गरम पाण्याने स्फटिक भरले. जळगावकडच्या खाणींत दगड फोडताना पांढऱ्या, हिरवट, मोतिया रंगाचे जे गड्डे निघतात ते हेच. आमची मुले त्यांना सरसकट गारगोटी म्हणतात आणि माझ्या चित्रकलेच्या तासाला मेजावर आणून ठेवतात. पुण्याजवळ वाघोलीला निघणारा निळाभोर कॅव्हान्साइट त्यांतला राजा. त्यातही तेच व्हॅनेडियम आहे.

हे सारे मला सांगायचे होते ते त्या मुलाला. तो धुळ्याला असतो, असे एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळले. जायला तीन वर्षे लावली. कधी परीक्षा, कधी प्रकृती. शेवटी गेल्या दिवाळीच्या आधी आईचे पातेले पिशवीत घातले, रवातच्या डोंगराचा एक छापील फोटो वहीत ठेवला आणि निघालो. पातेले घेतले, कारण रिकाम्या हाताने जायचा धीर होईना.

त्याचे दुकान म्हणजे पत्र्याची एक टपरी. वेल्डिंग, रेडिएटरची डागडुजी, आणि पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'कल्हई करून मिळेल'. त्याने मला लगेच ओळखले. केस पिकू लागले आहेत त्याचे. दादाजी २०१० सालीच गेले, म्हणाला. स्टूल पुसून दिले, चहा सांगितला.

मी फोटो काढून त्याच्यापुढे ठेवला आणि जे पाठ करून आलो होतो ते सगळे विसरलो. एवढेच म्हणालो, "तुझे दादाजी खरं सांगत होते. असा डोंगर आहे. मी तेव्हा—"

तो फोटोकडे पुष्कळ वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, तुम्ही फळ्यावर काढलेला डोंगर चांगला होता. फक्त त्यावर घर नव्हतं."

"घर?"

"दादाजी सांगायचे, जिथून वाफ निघते तिथे वर घर बांधतात. दारं-खिडक्या लिंपून घेतात. वाफ आत कोंडते अन् गार होऊन भिंतीला नवसागर धरतो. मग माणूस ओला नमदा अंगाला गुंडाळून आत पळतो, खरडतो अन् पळत बाहेर येतो. जास्त थांबला तर भाजून मरतो. तेच सांगत होतो मी. तेवढ्यात घंटा झाली."

अल् इस्तखरीने पुढे हेच लिहिले आहे. घर, लिंपलेली दारे, ओला नमदा, सगळे. ते मी वाचले होते. त्याला सांगायला म्हणून वहीत उतरूनही आणले होते. वही उघडलीच नाही.

त्याने पातेले हातात घेऊन उलटसुलट केले, बोटाने वाजवले. "माल जुना आहे," म्हणाला. त्याच्याकडे आता भात्याऐवजी विजेचा पंखा आहे. बाकी खड्डा तोच, चिमटा तोच. पातेले तापले. त्याने पुडीतून चिमूटभर पूड घेतली. पुडीवर कारखान्याचे नाव छापलेले होते. ते आम्ही दोघांनीही वाचले आणि कोणीच काही बोललो नाही.

"सर, जरा मागे सरा," तो म्हणाला, "डोळे चुरचुरतील."

मी मागे सरलो नाही. पांढरा धूर पत्र्याला जाऊन लागला आणि खाली वळला. त्याने बोळा फिरवला, कथील टेकवले, पुन्हा बोळा फिरवला. पाण्यात चर्र झाले. पैसे विचारले तेव्हा तो क्षणभर घुटमळला, मग नेहमीचा भाव सांगितला. मी दिले, त्याने मोजून घेतले आणि सुटे दहा रुपये परत केले. फोटो त्याने ठेवून घेतला. कुठे लावावा म्हणून टपरीच्या भिंतीवर जागा शोधत होता, तेव्हा मी निघालो.

परतीच्या गाडीत पातेले मांडीवर होते. पारोळ्यापर्यंत ते ऊबदार लागत होते.